किल्ली

धरणापलीकडच्या पाड्यांवरून बाळंतपणाच्या बाया मोखाड्याला आणायला आम्हा नर्सबायांकडे एक जुनी मोटरबोट होती. तिची किल्ली स्विचमध्येच मोडली, तेव्हा जव्हारहून जीपचं वायरिंग करणारे एक चाचा आले. त्यांनी नवा स्विच बसवून जीपच्या सवयीनं वायरी जोडल्या. किल्ली बंद केली तरी इंजिन धडधडतच राहिलं. मी वैतागले, पलीकडे एक बाई दिवस भरून बसली होती.

दातांनी वायर सोलत चाचा म्हणाले, “जीपचा करंट तोडला की ती थांबते. हे इंजिन आपला करंट आपणच बनवतं. तो इंजिनच्या लोखंडी बॉडीला उतरवला तरच थांबेल.”

दुसरा स्विच बसवून ते नावाड्याबरोबर पाण्याच्या मधोमध गेले. तिथं सात वेळा इंजिन बंद-चालू केलं.

ते परतल्यावर मी विचारलं, “चाचा, पोहता येतं ना?”

“नाही ताई. तुम्ही आणता त्या बायांना तरी कुठं येतं?”