सुषमावहिनीचे नियम

दुकानाचं शटर वर करत होतो तेव्हा दादाचा फोन आला. "गेली रे," एवढंच म्हणाला आणि ठेवून दिला. शटर अर्ध्यावर सोडून मी पायरीवर बसलो. दहा मिनिटांत नातेवाइकांच्या ग्रुपवर वहिनीचा लग्नातला फोटो आला, भोवती फुलांची चौकट, खाली मजकूर... 'अल्पशा आजाराने दुःखद निधन.' त्याखाली जोडलेल्या हातांच्या चित्रांची रांग लागली. मी त्या 'अल्पशा' शब्दाकडे पाहत राहिलो. कोणी लिहिलं असेल ते? बहुतेक कोणीच नाही. जुन्या कोणाच्या तरी निधनाचा मजकूर उचलून नाव बदललं असेल. पण माझी सुषमावहिनी सव्वा वर्ष आजारी होती, आणि त्यातले पहिले नऊ महिने तिला कोणी दवाखान्यात नेलं नाही. त्या 'कोणी'मध्ये मीही आहे. आज सहा आठवडे झाले, राग उतरत नाही. श्रद्धांजलीत राग लिहू नये म्हणतात. मला दुसरं काही लिहिता येत नाही.

आमचं गाव इटियाडोह धरणाच्या कालव्यावरचं, त्यामुळे धान वर्षातून दोनदा. मी गोंदियात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो, तिथेच खोली करून राहतो आणि शनिवारी गावी जातो. घरी आई, दादा, वहिनी आणि त्यांची मुलगी तनू. वहिनी बी.एस्सी. झालेली. लग्न ठरताना नोकरी करू देऊ म्हणाले होते, मग तनू झाली, मग आईचे गुडघे गेले, मग तो विषय कोणी काढला नाही. काही वर्षांपूर्वी मी माझा जुना कॉम्प्युटर घरी मधल्या खोलीत ठेवला, तनूच्या अभ्यासाला म्हणून. त्यात माझा एक गेम होता, वसाहत उभी करायचा. तीन माणसं एका अनोळखी माळावर येऊन पडतात. त्यांच्यासाठी घरं बांधायची, शेत पेरायचं, हिवाळ्यासाठी धान्य साठवायचं. अधूनमधून लुटारू येतात, साथ येते, कोणी वाटसरू येऊन 'मला ठेवून घ्या' म्हणतो. एका रविवारी मी खेळत बसलो होतो, वहिनी चहा घेऊन आली आणि कप हातातच धरून मागे उभी राहिली.

"हे लोकं काय खाऊन राहिले, भाऊजी?"

मी म्हटलं, शिकार करतात, बोरं वेचतात.

"आणि थंडीत?"

थंडीत माझी माणसं दर वेळी मरत होती. मी भिंती बांधायचो, बंदुका गोळा करायचो आणि माझी माणसं उपाशी मरायची. वहिनीने कप खाली ठेवला आणि शेत दाखवायला सांगितलं. कुठली जमीन काळी, कुठली मुरमाड, पीक किती दिवसांत निघतं, कोठार चुलीपासून किती लांब, सगळं विचारलं. पुढच्या शनिवारी गेलो तर तिच्या वसाहतीत सात माणसं होती, कोठार भरलेलं होतं आणि प्रत्येकाला नाव होतं. तिच्या माहेरच्या शाळेतल्या मैत्रिणींची नावं. "हे ललिता. कामाले वाघीण हाय, पण तोंडानं खराब," असं ती मला सांगायची. दुपारचे दोन ते चार तिचे होते. जेवणं आटोपलेली, आई लवंडलेली, दादा शेतावर. दीड-दोन वर्षांत ती माझ्या कितीतरी पुढे गेली.

आणि मग ती कंटाळली. "भाऊजी, आता काही होतच नाही यायले," एकदा म्हणाली. "खाते, झोपते, पोट्टे वाढवते. मलेच झोप येते." मी कॉम्प्युटरवर दुसरा गेम घालून देतो म्हणालो, तर नको म्हणाली. याच माणसांची तिला सवय झाली होती. मग तिने स्वतःच स्वतःला अडचणी घालायला सुरुवात केली. तनूच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी होती, त्यावर ती प्रत्येक नव्या वसाहतीचा नियम लिहायची. या खेपेला भिंत बांधायची नाही. या खेपेला दारात आलेल्या कोणालाच परत पाठवायचं नाही. एक नियम सगळ्या वसाहतींना लागू होता, मागे जाऊन पुन्हा खेळायचं नाही, जे झालं ते झालं. एकदा तिने ठरवलं की स्वयंपाक पाळीपाळीने सगळे करतील, येत असो की नसो. तिच्या वसाहतीतला एक दांडगा शिकारी रांधायला बसला आणि त्याच्या हातचं खाऊन अर्धी वसाहत उलट्या करत आडवी झाली. वहिनी इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. आतून आई ओरडली, "काय झालं व?" वहिनी पदराने डोळे पुसत म्हणाली, "काही नाही, आत्याबाई. माणसाले रांधायले लावलं."

त्या घरात तिला तसं हसताना मी दुसऱ्या कुठल्याच गोष्टीवर पाहिलेलं नाही. आणि लोक म्हणतात, बाई चाळीस वर्षांची होऊन गेम खेळत होती. हो, खेळत होती. तुमच्यापेक्षा चांगलं खेळत होती.

मागच्या वर्षी आषाढात पावसाळी रोवणा, म्हणजे धानाची लावणी, सुरू झाला तेव्हा ती मला म्हणाली, "भाऊजी, मले नागपूरले दाखवायचं हाय." मी विचारलं, कायले? तिने खाली पाहिलं. "दाखवायचं हाय," पुन्हा म्हणाली. आईने मग स्वयंपाकघरातून सांगितलं, छातीत गाठ लागते म्हणते, दुखत तं नाही, रोवणा होऊन जाऊ दे. दादानेही तेच म्हटलं. वीस बाया रोवायला येणार होत्या, त्यांचा चहा, त्यांची न्याहारी, कोण करणार? रोवणा झाला. मग पोळा होऊन जाऊ दे. मग तिनेच एकदा पुन्हा आठवण करून दिली तर दादा म्हणाला, "सांगतलं नं, धान कापून होऊ दे. कोठी पळून चालली का गाठ?" धान कापून झालं, मळणी राहिली. मळणी झाली, चुलतबहिणीचं लग्न आलं. लग्न झालं तोवर कालव्याला पाणी सुटलं आणि उन्हाळी धानाचा रोवणा आला... नागपूर इथून एका दिवसाचं काम आहे. पहाटे निघालं की संध्याकाळी परत. एक दिवस! आमच्याकडे ट्रॅक्टर आहे, मजूर मिळतात, शेजारची कोणीही बाई चहा टाकून देते. एक दिवस निघाला नाही.

त्याच पावसाळ्यात तिने नवी वसाहत मांडली होती. नियम होता, कोणी आजारी पडलं की सगळं काम थांबवायचं. पेरणी असो, कापणी असो, सगळ्यांनी त्याच्याजवळ यायचं आणि तो उठेपर्यंत शेतात जायचं नाही. पहिल्याच हिवाळ्याच्या तोंडावर तिची ललिता तापाने पडली. पीक उभं होतं, थंडी दोन दिवसांवर, आणि दहा माणसं एका खाटेभोवती.

मी म्हटलं, "वहिनी, दोघांना पाठवा शेतात. एक जण बसला तरी पुरे."

"नाही. नियम हाय."

"असा नियम कोणी करते का? सगळे मरतील."

"मी केला," ती म्हणाली.

पीक गेलं. ललिता वाचली. त्या हिवाळ्यात ती माणसं अर्धपोटी राहिली, पण एकही मेलं नाही. पुढच्या वर्षी तिने दीडपट पेरलं आणि कापणी आठ दिवस आधी धरली. मी विचारलं, एवढं कायले? "बिमारी येतेच नं, भाऊजी. ते धरूनच पेरलं तं होते," ती म्हणाली आणि मला चहा विचारायला उठली. चार हिवाळे ती वसाहत चालली. मी दुकानात एका गिऱ्हाइकाला मोठ्या कौतुकाने सांगितलं, हमारी भाभी ऐसा खेलती है.

आता कोणी म्हणेल, तिने खेळातून सांगायचा प्रयत्न केला आणि मला कळलं नाही. असं म्हटलं की माझी चूक जरा हळवी होते, सुंदर होते. तसं नाही. तिने सरळ सांगितलं होतं, तोंडाने, माझ्यासमोर उभी राहून. मला नागपूरला दाखवायचं आहे. मला ऐकू आलं होतं. दर शनिवारी मी मोटारसायकलने गावी येत होतो, दर रविवारी तिच्या हातचं जेवत होतो. मी तिला घेऊन जाऊ शकलो असतो. पण वहिनीला छातीच्या गाठीसाठी दिराने न्यायचं, हे मला कसंतरी वाटलं. दादाची बायको आहे, दादा नेईल. लोक काय म्हणतील... हे तीन शब्द आज लिहिताना स्वतःच्या कानाखाली वाजवावंसं वाटतं.

चैत्रात नेलं तेव्हा मी सोबत होतो. डॉक्टरांनी विचारलं, किती दिवसांपासून आहे? दादा म्हणाला, दोन-तीन महिने असतील. वहिनी कधी त्याचं बोलणं खोडत नसे. त्या दिवशी म्हणाली, "रोवण्यापासून." डॉक्टर आपल्याच भागातले असावेत. त्यांनी विचारलं, "उन्हाळी?" वहिनी म्हणाली, "नाही, पावसाळी." त्यांनी पेन खाली ठेवलं. नंतर त्यांनी पुष्कळ समजावून सांगितलं, कुठवर पसरलंय, काय काय करता येईल, पण मला ते पेन ठेवणंच आठवतं.

सलाइनमधून औषधं सुरू झाल्यावर तिच्या बोटांना मुंग्या यायच्या. माउस सुटायचा. तरी मधल्या खोलीत जाऊन बसायची. शेवटचं भेटलो ते दादा तिला परत नागपूरला नेणार त्याच्या आदल्या दिवशी. डोक्याला रुमाल, अंगावर माझाच जुना स्वेटर. म्हणाली, "एक नवीन मांडून द्या, भाऊजी." मी मांडून दिली. वही उघडून विचारलं, नियम काय लिहू? तिने वही बाजूला सारली. "या वेळी नको काही नियम," म्हणाली. "नुसतं राहू द्या यायले." आठव्या दिवशी ती गेली.

तेरवीला मांडवात बसलो होतो. आमच्या एक दूरच्या काकू बायांना सांगत होत्या, "रोज दुपारी त्या डब्ब्यापाशी बसत होती. त्याच्या किरणानंच झालं म्हणते." दोघी-तिघींनी मान हलवली. मी उठलो. पत्रावळींवर वाढणं चालू होतं, पाहुणे बसले होते, तनू माझ्या आईच्या बाजूला होती, मी काही पाहिलं नाही. मोठ्याने म्हणालो, "किरणानं नाही झालं. नऊ महिने नेलं नाही म्हणून झालं. रोवणा, पोळा, कापणी, लग्न... एकेक मोजून सांगू का?" दादा वरणाची बादली खाली ठेवून माझ्याकडे आला. मला वाटलं मारेल. तो फक्त म्हणाला, "तू कायले नाही नेलं?"

त्या दिवसापासून आम्ही बोललेलो नाही. ज्या पेपरात हे छापून येईल तो गावात दुपारच्या एसटीने पोचतो, दादा वाचेल. वाच, दादा. तुझं चुकलं, आईचं चुकलं, माझं चुकलं, आणि 'अल्पशा आजाराने' लिहून आपल्याला सुटता येणार नाही.

मागच्या रविवारी आईने मधली खोली काढायला घेतली. मी पोचलो तेव्हा ती टेबलापाशी उभी होती, ओल्या फडक्याने कीबोर्ड घासत. खालची लांब पट्टी डाव्या टोकाला पिवळी झाली आहे. हळदीची बोटं. चुलीवर फोडणी टाकून वहिनी मध्येच दोन मिनिटं येऊन बसायची. आई तिथेच घासत होती, जोर लावून. मी ओरडलो, "पुसू नको ते!" आयुष्यात आईवर असा ओरडलो नव्हतो. ती दचकली. मग वाकून पाहिलं.

"हे कायचं बटन हाय?"

"खेळ थांबवायचं," मी म्हणालो. "तू आवाज दिला की ती हे दाबून उठत होती."

आईने फडकं टेबलावर ठेवलं. त्या पिवळ्या टोकाकडे पाहत राहिली. "मी तं सारखीच आवाज देत होती तिले," शेवटी म्हणाली आणि गुडघा धरत आत गेली. फडकं टेबलावरच राहिलं. वाळून कडक झालं आहे. कोणी उचलत नाही.