पाहुण्या कोंबड्या

धारूरच्या डोंगरकडेच्या एका वस्तीवर राहणाऱ्या ताराबाईकडे मूळच्या कोंबड्या मोजक्याच. दगडमातीचं खुराडं, वर पत्रा, आत बसायला एक दांडी आणि अंड्यांसाठी भुसा घातलेली जुनी पाटी. नवरा म्हाळू दिवसभर मेंढरांमागे. कोंबड्यांचा कारभार ताराबाईचा, आणि तो बिनबोभाट चालला होता.

दिवाळीनंतर वस्तीवरची माणसं ऊसतोडीला निघाली, तशी शेजारची कौशल्याबाई पाय बांधलेल्या कोंबड्या डालग्यात घालून दारात आली.

"आक्का, कारखाना बंद हुईस्तोवर एवढ्या संभाळ. अंडी तूच खा."

ताराबाईला नाही म्हणता आलं नाही. ते बघून आणखी दोन घरांनी आपापल्या कोंबड्या आणून सोडल्या. त्यांनी तर विचारलंसुद्धा नाही.

तिथून ताराबाईच्या डोक्याला ताप सुरू झाला. दांडीवर जागेसाठी ढकलाढकली. खाली पडलेल्या कोंबड्या पाटीत जाऊन झोपायच्या आणि तिथेच घाण करायच्या. सकाळी दोघी-तिघी एकदमच त्या पाटीत घुसायच्या. अंडी फुटायची. फुटक्या अंड्याची चव लागली, तशी एक कोंबडी धड अंडीही टोचायला लागली.

"अवो, खुराड्याचं कायतरी बगा की."

"बगतो," म्हाळू म्हणायचा आणि काठी उचलून चालता व्हायचा.

अखेर एकदाचं त्यानं मनावर घेतलं. पडून असलेले प्लास्टिकचे पाईप कापून एकाखाली एक अशा दांड्या ठोकल्या. अंडी घालायला तेलाचे रिकामे डबे आडवे करून सगळ्यांच्या वर, पार पत्र्याखाली बसवले. मग ऐटीत चहा मागितला.

संध्याकाळी कोंबड्या आत गेल्या. गुळगुळीत पाईपावरून पंजे घसरून निम्म्या धपाधप खाली. टिकल्या त्या वरच्या दांडीसाठी भांडल्या, आणि हरलेल्यांच्या अंगावर वरून रात्रभर घाण पडली. दांडगट होत्या त्या थेट डब्यांत शिरून झोपल्या.

"ही काय शिडी केलीत का तुमी?" सकाळी ताराबाई कडाडली.

"कोंबडीला काय कळतंय, खाली काय आन् वर काय!"

"कळतंय म्हनूनच ती वर बसायलीय. कळंना ते तुमाला!"

म्हाळू मेंढरं घेऊन गेला, तसा तिनं पदर खोचला. सगळं उपसून काढलं. पंजे घसरू नयेत म्हणून कडुलिंबाच्या जाड फांद्या सालीसकट आणल्या आणि कमरेएवढ्या उंचीवर शेजारी-शेजारी आडव्या बसवल्या. आता वरची-खालची जागाच उरली नाही. डबे जमिनीलगत अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवले, नवा भुसा घातला. टोचणारीला अंडं दिसू नये म्हणून डब्यांच्या तोंडावर पोत्याचे पडदे सोडले.

त्या रात्री खुराडं गप होतं. सकाळी बघते तर सगळ्या पहिल्याच डब्यापुढे खोळंबलेल्या.

"अगं बयांनो, बाकीच्या डब्यात काय काटं हायेत का?"

इथंही अंडी घालायची हे कळावं म्हणून तिनं प्रत्येक डब्यात एकेक अंडं ठेवलं, वाट चुकणारीला उचलून आत बसवलं, तोंड दुखेस्तोवर शिव्या घातल्या. हळूहळू कोंबड्या पांगल्या. कौशल्याबाईची तांबडी तेवढी ऐकेना. तिनं अंडी घालायला ओसरीवरची म्हाळूची घोंगडी पसंत केली. एका दुपारी तो त्या घोंगडीवर आडवा झाला आणि पिवळ्या बलकाने माखून बोंबलत उठला.

"हाकल हिला!"

"शेजारनीची हाय. नीट संभाळा," ताराबाई थंडपणे म्हणाली.

गुढीपाडव्याच्या सुमारास कौशल्याबाई परतली. तोवर तिच्या एका कोंबडीनं पिलं काढली होती. तिनं खुराड्यात डोकावून पाहिलं, पडदे उचलून पाहिले.

"आक्का, लई ब्येस केलंस की. आमच्या खुराड्याचा पत्रा वाऱ्यानं उडून गेलाय. आजून थोडं दिस ऱ्हाऊ दे हितंच."

ताराबाईनं कपाळावर हात मारला. पिलांमुळे आता पुन्हा दाटी होणार होती.

"ऱ्हाऊ दे. पर फांदी तू आनायची. म्या आता झाडाला हात लावनार न्हाई."

"एवढंच ना? सगळा हंगाम तोडायचंच काम करून आलेय," म्हणत कौशल्याबाई कोयता घेऊन लिंबाकडे निघाली. ताराबाई मागून ओरडली, "साल सोलू नको गं!"