आंब्यातलं चिकन आणि कागदी प्लेट

तव्यावर चिकनसोबत आंब्याच्या फोडी टाकल्या, की करपट गोड वास सुटतो आणि मला उस्मानपुऱ्यातली ती शेजारीण आठवते. दुष्काळाचं वर्ष होतं. बिल्डिंग नवी कोरी, दारात लिफ्ट आणि टाकीत खडखडाट. तिच्या नवऱ्याचे साहेब जेवायला येणार होते. टीव्हीवर पाहिलेला हा झटपट पदार्थ तिला मिरवायचा होता, पण कच्च्या कोंबडीला हात लावायची किळस. म्हणाली, "ताई, तुमच्यात तर रोजचंच असतं, तुम्हीच करा ना." घामानं निथळत मी पंधरा मिनिटांत करून दिलं. साहेबांनी बोटं चाटली आणि कौतुक हिनं घेतलं. दारावरच्या पाटीवर आमचं आडनाव वाचल्यापासून माझा ग्लास तिनं वेगळा ठेवलाच होता. आता सगळ्यांना स्टीलची ताटं आणि मला एकटीला कागदी प्लेट. "पाणी नाय ना ताई, भांडी कशानं धुवायची?" माझ्या हातचं पोटात चालतं, माझं उष्टं ताट मोरीत चालत नाही! मी मांडणीवरचं सगळ्यात मोठं ताट ओढलं, भरपूर वाढून घेतलं, सावकाश जेवले आणि ते खरकटं तसंच तिच्या मोरीत ठेवून घरी आले. आजही वाटतं, बरंच केलं. धुवायला पाणी कुठं होतं तिच्याकडं?