मलिद्याला मी प्रसाद म्हणाले

एकविसाव्या वर्षी मी भारी शहाणी होते. ओढणी एका खांद्यावर, काखेत कवितांची वही आणि तोंडात सतत 'मानवता'. राहायला ठाण्यात, एम.ए.ला कल्याणच्या कॉलेजात. आम्ही बेने इस्राएली, ज्यू. पण आडनावाच्या शेवटी 'कर', घरात मराठी, आईच्या हातात हिरव्या बांगड्या. मी सांगितल्याशिवाय कुणाला कळायचं कारण नव्हतं. आणि मानवतावादी बाईंनी ते कधी सांगितलं नाही.

मग आखाती युद्ध सुरू झालं. इराकची क्षेपणास्त्रं इस्रायलवर पडायला लागली. तिथे माझी थोरली बहीण दोन लहान पोरांना घेऊन विषारी वायू आत येऊ नये म्हणून खिडक्यांना चिकटपट्ट्या लावून बसलेली. आणि आमच्या कॅन्टीनमध्ये पोरं स्कोअर विचारावा तशी विचारायची, "काय रे, काल किती टाकली?"

"तीन! आज षटक पूर्ण करणार."

सगळे हसायचे. मीही हसायचे. सगळ्यांत मोठ्याने बहुधा मीच.

एक दिवस बहिणीचा फोन आला, आम्ही सुखरूप आहोत म्हणून. आई नवस बोलली होती. तिने लगेच मलिदा केला: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळांच्या फोडी. देवाचे आभार मानायची आमची ही रीत. समोर मूर्ती नाही, तसबीर नाही, नुसती प्रार्थना. दुसऱ्या दिवशी तिने मला मोठा डबा भरून दिला. "मैत्रिणींना वाट. कशाचा आहे ते सांग. त्याही ताईसाठी देवाकडे शब्द टाकतील."

कॅन्टीनमध्ये डबा उघडला तशी पोरं तुटून पडली. कुणीतरी विचारलं, "कसलं गं हे?"

"सत्यनारायणाचा प्रसाद."

"सत्यनारायणाला शिरा असतो ना?"

"आमच्याकडे पोहे करतात," मी ठणकावून सांगितलं. अगं, खोटं बोलायचं तर निदान स्वयंपाक तरी माहीत हवा! नातवंडांना हा किस्सा सांगते तेव्हा ती पोट धरून हसतात. मी तिथेच थांबते. पुढचं त्यांना सांगत नाही.

शेजारी माझी जिवाभावाची मैत्रीण बसलेली, कल्याणच्या कोकणी मुसलमान घरातली. डब्याकडे नेलेला हात तिने मागे घेतला. "राग मानू नकोस हां. पूजेचं आम्ही खात नाही." मग हळूच म्हणाली, "पण तुझ्या देवाला माझ्या अब्बांचं सांगशील? दम्मामला नोकरीला आहेत. सौदीतपण पडतायत ना."

तीच क्षेपणास्त्रं. 'माझी ताईही तिकडे आहे,' एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणाले, "हो, सांगते." आणि डब्याला झाकण लावलं.

युद्ध संपल्यावर ती वह्या न्यायला आमच्याकडे आली. अब्बा ठीक होते. आईने तिला चहा दिला आणि विचारलं, "मलिदा आवडला का गं पोरी? मूर्तीपुढचा नसतो आमचा, तुम्हाला चालतो म्हणून मुद्दाम जास्त दिलेला." मग ताई, तिची पोरं, फोन, नवस, सगळं सांगून टाकलं. मैत्रीण ऐकत होती. तिने माझ्याकडे एकदाच पाहिलं. मी पंख्याची पाती मोजत होते.

तिला खोपटच्या एसटी स्टँडवर सोडायला गेले. बस लागल्यावर ती म्हणाली, "त्या पोरांना नाही सांगितलंस, समजू शकते. पण मला?"

"मला वाटलं, तू..."

"मी खूश होत असेन?"

मी नाही म्हणायला हवं होतं. पण तेव्हा खोटंही सुचलं नाही.

"रोज बातम्या ऐकताना वाटायचं, अख्ख्या कॉलेजात मी एकटीच घाबरलेय," ती म्हणाली आणि बसमध्ये चढली.

पुढे वर्षभर आम्ही एकाच बाकावर बसलो. वह्या दिल्या-घेतल्या, परीक्षा दिल्या. अब्बांची पत्रं तिला येत असणार. त्यांत काय लिहिलंय, ते मात्र तिने मला पुन्हा कधी सांगितलं नाही, आणि मीही कुठल्या तोंडाने विचारणार?