भावजींच्या खुर्चीतून उठताना

आमचे भावजी, म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ, जन्मभर शिंपी. डोळे थकले, सुईत दोरा ओवता येईना, तेव्हा त्यांनी मशीन बाजूला सारलं आणि करवत हातात घेतली. "लाकूड काय नि कापड काय, वहिनी, मोजायचं, कापायचं, जोडायचं." मी देवाला हात जोडले. बोटं शाबूत राहू देत, एवढंच मागितलं.

पहिली खुर्ची सासूबाईंसाठी. त्यांचे गुडघे धरलेले. एकदा बसल्या की उठवायला माणूस लागतं, आणि त्यांना नेमकं तेच नको असतं. रोज संध्याकाळी घरात होणाऱ्या प्रार्थनेच्या शेवटी सगळ्यांबरोबर आपलं आपण उठून उभं राहावं, एवढी एकच इच्छा. "आई, मी करतो," म्हणून भावजींनी टेप काढली आणि आईला भिंतीशी ताठ उभं केलं. खांदा, कंबर, उंची. बसायच्या वस्तूचं माप उभ्यानं घेतलेलं मी तरी पहिल्यांदाच पाहिलं. वर सवयीनं सगळीकडे दोन-दोन बोटं जास्त धरली. ऐंशीच्या घरातल्या बाईची खुर्ची वाढत्या अंगाची झाली.

सासूबाई बसल्या तर पाय अधांतरी.

"कशी आहे?"

"छान आहे हो. अगदी मऊ."

लाकूड मऊ कुठून असणार? भावजी शीळ घालत अंगणात गेले आणि लगेच हाक आली, "सूनबाई, ये गं, काढ मला यातून."

दुसरी इतकी बुटकी, की गुडघे हनुवटीला लागले. छान. तिसरी मागे कलती, तिच्यात छताखेरीज काही दिसेना. तीही छान. चौथी मात्र भक्कम होती. पुढच्या दोन पायांत मनगटाएवढी जाड आडवी पट्टी. हे म्हणाले, "घर पडलं तरी ही उभी राहील."

"आता खरं काय ते सांगा की," मी सासूबाईंना म्हटलं.

"आणि पोराचं मन मोडू? दुकान सुटल्यापासून आत्ता कुठे हसतोय."

दुकानात गिऱ्हाइकं काखेत काचतंय म्हणून भांडायची, त्यातूनच भावजींचा हात बसला होता. इथे गिऱ्हाईक आईच. चूक कळणार कशी? उलट आपल्याला विद्या वश झाली असं समजून त्यांनी मावशींसाठी तशीच खुर्ची करायचं ठरवलं. मावशी म्हणजे सासूबाईंची थोरली बहीण, जिभेला हाड नाही. त्यांना आधी आईच्या खुर्चीत बसवलं. उठायला गेल्या, तर उठता येईना.

"अरे, ही खुर्ची आहे की पिंजरा?"

पोराच्या कामाला नाव ठेवलेलं सासूबाईंना कुठलं खपायला. "तुला बसायचीच रीत नाही, ताई. हो बाजूला, मी दाखवते."

दोघा भावांनी मावशींना उपसून काढलं. सासूबाई ऐटीत बसल्या, जोर लावला, अर्ध्यात आल्या आणि धप्पकन परत खाली.

"दाखव की," मावशी म्हणाल्या.

सासूबाई लालबुंद. मग एकदम भावजींवरच उखडल्या. "पट्टीला टाचा अडतात रे मेल्या. पाय मागे घेता येत नाहीत, तर जोर कुठून आणू? हात धरायला जावं तर खुर्चीचे हात कोपराशीच संपतात. आणि ती पहिली? त्यात मी वाळत घातलेल्या कपड्यासारखी लोंबत होते." मग दुसरी, मग तिसरी, कुणालाच सोडलं नाही.

भावजी आता रडतात की काय, असं मला झालं. ते जमिनीवर मांडी घालून बसले, खिशातला खडू काढला आणि जुन्या दुकानातल्या आवाजात म्हणाले, "आणखी कुठे काचतंय?"

या खेपेला माप बसवून घेतलं. पट्टी उडवली, बैठक चार बोटं आखूड केली, हात पुढे वाढवले. संध्याकाळी प्रार्थनेला सासूबाई त्याच खुर्चीत होत्या. शेवटी सगळे उठले. त्यांनी टाचा मागे घेतल्या, खुर्चीचे हात घट्ट धरले. मी सवयीनं हात पुढे केला.

"राहू दे तुझा हात तुझ्यापाशी," म्हणाल्या, आणि उभ्या राहिल्या.

प्रार्थना तिथे संपते. त्या मात्र पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या, परत बसल्या. देवासमोर हे बरं दिसत नाही, असं मी म्हणणार होते. पण देवही कौतुकानं बघत असेल, म्हणून गप्प राहिले.