मुराळी आल्याशिवाय मी मीटिंगला जात नाही

गावच्या कॉलेजाच्या संचालक मंडळावर मी आहे, तो शिकलेला म्हणून नाही. माझी शाळा तिसरीतच सुटली. पण कॉलेज ज्या वावरात उभं आहे ते वावर माझं होतं. मंडळात माझं काम एवढंच, की ठरावाला हात वर करायचा आणि गॅदरिंगला शाल-नारळ घ्यायचं. दोन्ही मी चोख केलं. शाली इतक्या साचल्या, की थंडीत आमची म्हैससुद्धा सत्कारमूर्ती दिसते.

मग नव्या प्राचार्या बाई आल्या, आणि त्यांनी सत्कारच बंद केले. म्हणाल्या, "संचालकांनी महिन्यातून एकदा येऊन मुलांशी बोलावं. मुलं ओळखतील, तोच सन्मान." पोरांशी काय बोलायचं ते मला समजलं नाही. अपमान मात्र चटकन समजला. मी रुसलो.

आमच्याकडे सासरी असलेल्या लेकीला माहेरी न्यायला मुराळी जातो. तो आल्याशिवाय ती पाऊल उचलत नाही. रुसलेला संचालकही तसाच. आधीचे प्राचार्य जीप धाडत, शिपाई विनवण्या करी, मी "नाही, नाही" म्हणत चपला घाली. ही रीत बाईंना कोणी सांगितली नव्हती.

मीटिंगच्या दिवशी सकाळीच मी धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून ओसरीत बसलो. बाज रस्त्यावरून दिसेल अशी ओढून घेतली.

"जायचंच नाही तं टोपी काऊन घातली?" बायकोनं विचारलं.

"ऊन लागते."

"ओसरीत?"

नात तेव्हा बारावीत होती. ती दारात येऊन उभी राहिली. कॉलेजात बारावीनंतरची विज्ञान शाखा काढायचा ठराव त्याच दिवशी होता. एक संचालक लेकाकडे पुण्याला, एक अंथरुणाला खिळलेला. मी नसलो तर कोरम भरत नव्हता. आणि शाखा नाही निघाली तर विज्ञान शिकायला मलकापूर. तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, आधीच बोलून बसला होता, की पोरीला रोज एसटीनं धाडणार नाही, त्यापेक्षा स्थळ पाहू.

"आबाजी, जा ना."

"येतीन घ्यायले. माह्याबिगर कोरम भरते कुठी?"

"आन नाही आले तं?"

मी तिला पाणी आणायला पिटाळलं. पोरीचं शिक्षण अडलं होतं, हे मला दिसत होतं. पण ताठलेली मान काही वळेना.

तेवढ्यात दारात स्कूटी थांबली. हेल्मेट काढलं तर आतून प्राचार्या बाई निघाल्या.

"आबाजी, जीप बिघडलीय. बसा मागे."

"तब्येत बरी नाही माही," मी म्हणालो आणि विनवणीची वाट पाहू लागलो.

"अरेरे! मग आधी दवाखान्यात जाऊ. वाटेतच आहे."

बायको पदर तोंडाला लावून हसली. "आला तुमचा मुराळी. निघा आता, नाहीतं रिकामा जाईन!"

बसलो. एका हातात धोतर, दुसऱ्या हातानं टोपी दाबलेली. मागची दांडी धरायला देवानं तिसरा हात दिला नव्हता. पानठेल्यावरून एक जण ओरडला, "आबाजी, कुठी?"

"कॉलेजात!"

"तिसरीतून डायरेक्ट?"

बाईंना हसू आवरेना, आणि गाडी नालीत जाता जाता राहिली.

मीटिंगमध्ये बाई ठराव वाचायला उभ्या राहिल्या, तोच मी हात वर केला.

"आबाजी, अजून वाचायचाय."

"वाचा ना तुमी. माहा हात वरच आहे."

ठराव मंजूर झाला. शाल नाही, नारळ नाही. चहा मिळाला, तोही माझा मीच उठून घेतला.

नात आता त्याच कॉलेजात विज्ञान शिकते. महिन्यातून एकदा तिच्याच स्कूटीवर मी पोरांशी बोलायला जातो. बोलतात पोरंच, मी बसतो. परवा जुन्या सवयीनं म्हणालो, "आज नाही येत मी." आणि विनवणीसाठी थांबलो.

"प्रॅक्टिकल आहे माह्यं. या मंग पायी," म्हणत तिनं गाडी चालू केली.

टोपी घातलेलीच होती. धोतर सावरत पळालो आणि मारुतीच्या पारापाशी ती थांबली होती, तिथं तिला गाठलं.