दोर सोडणारा अण्णा

फोन आला तेव्हा मी गडहिंग्लजच्या बाजारात वांगी निवडत होतो. सकाळचे साडेदहा वाजले असतील. पलीकडून अण्णाच्या बायकोचा, सुशीलावहिनींचा आवाज आला, आणि तो इतका संथ होता की आधी मला काही कळलंच नाही. "भावजी, ह्ये गेलं," त्या म्हणाल्या. "घोडीच्या परड्यात पडल्यात. डॉक्टरनं कुंपणातनं हात घालून नाडी बगितली, काय ऱ्हायलं न्हाय म्हणालं. खरं घोडी कुणाला आत येऊ देत न्हाय. लोक काठ्या घिऊन उभारल्यात. तुम्ही या. तुमास्नी वळखती ती." मी 'आलो' एवढंच म्हणालो, पिशवी तिथंच टाकली आणि मोटारसायकलला किक मारली. नेसरीच्या अलीकडं त्यांचं गाव, पाऊण तासाचा रस्ता. त्या पाऊण तासात मला रडू आलं नाही. चार दिवसांपूर्वी मी अण्णाला फोनवर जे बोललो होतो तेच कानात वाजत होतं... ते पुढं सांगतो. सांगितल्याशिवाय सुटका नाही.

भूपाल हे त्याचं नाव, पण सगळ्या पंचक्रोशीचा तो अण्णा. आम्ही शाळेत एका बाकावर बसलो आणि एकाच छडीचा मार खाल्ला. पुढं मी एस.टी.त वाहतूक नियंत्रक झालो आणि स्टँडवर उभं राहून आयुष्यभर गाड्या वेळेवर सोडल्या. चंदगडची गाडी दोन मिनिटं लेट झाली तरी माझं डोकं फिरायचं. अण्णाचं सगळं उलटं. घरचा ऊस, चार म्हशी आणि त्यातून उरलेला सगळा वेळ घोड्यांना. वरातीत बँड वाजला की उधळणारं, लगाम दिसला की चावणारं, असं बिघडलेलं जनावर लोक त्याच्याकडं आणून सोडत. मग हा काय करायचा? घरामागच्या परड्यात, बांबूच्या कुंपणाच्या आत, घमेलं पालथं घालून जनावराकडं पाठ करून बसायचा. बस्स! कुणी विचारलं की म्हणायचा, "मी काय शिकवत न्हाय बाबा, नुस्ता बसतोय." मी त्याला चिडवायचो, तुम्हा जैनांना मारायची चोरी म्हणून ही थेरं. त्यावर तो हसायचा. "धर्माचं काय सांगतोस कंट्रोलर! चाबूक उगारला की मला सवतालाच दचकायला हुतंय, मग त्या जनावराचं काय हुईत असंल?"

शेवंती त्याच्याकडं कायमचीच आली ती गेल्या पावसाळ्यानंतर. दोन वर्षांचं तांबडं शिंगरू, शर्यतीच्या गाडीला लवकर जुंपायला गेलेल्या कुणाच्या तरी हातात सापडलेलं. मागच्या मांडीवर चाबकाचा वळ होता, त्यावर केस परत आलेच नाहीत. आल्या दिवशी तिनं पाण्याची बादली फोडली, दुसऱ्या दिवशी कुंपणाचे दोन बांबू. माणूस दिसला की कान मागं टाकून दात काढायची. अण्णा बांबूच्या फाटकापाशी उभा राहायचा आणि विचारायचा, "येऊ का?" तिनं कान मागं टाकले की हा मुकाट्यानं परत फिरायचा. पुन्हा तासाभरानं, "येऊ का?" मी दर रविवारी जायचो, कुंपणाबाहेर खुर्ची टाकून बसायचो आणि मनातल्या मनात तडफडायचो. साठ दिवसांनी ती त्याच्या पाठीमागं हातभर अंतरावर येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता धरेल. हा उठला आणि घमेलं उचलून बाहेरच आला! मी कपाळाला हात लावला. म्हणालो, "अरे, हाताशी आलं होतं की जनावर!" तर म्हणतो, "म्हणून तर आलो. आपण आधी निघायचं. का गेला म्हणून तिनं मागं यायला पायजे."

ऊसतोडीच्या दिवसांत एकदा माझ्या छातीत धस्स झालं होतं. तोवर शेवंतीनं तोंडाला मोरकी घालून घेतली होती आणि अण्णा तिला लांब दोरावर घेऊन परड्यात फिरवत होता. त्या दिवशी तिच्या पाठीवर पहिल्यांदा रिकामं पोतं ठेवलेलं. एवढ्यात मागच्या रस्त्यानं ऊस भरलेला ट्रॅक्टर आला, दोन ट्रॉल्या आणि टपावर हे भलेमोठे कर्णे, गाणं असं की घराची कौलं हलावीत. शेवंती सरळ दोन पायांवर उभी राहिली. पुढचे खूर अण्णाच्या डोक्याच्या वर. मी खुर्चीवरून उठून ओरडलो, "धर! दोर धर, सोडू नको!" आणि या गृहस्थानं दोर सोडून दिला. हात दोन्ही बाजूंना मोकळे सोडले आणि कुंपणाकडं तोंड करून उभा राहिला. ती मागं बेभान धावतेय, दोर जमिनीवर फरफटतोय, कधी पायात अडकेल आणि कोसळेल याचा नेम नाही... मी डोळे मिटून घेतले. किती वेळ गेला माहीत नाही. उघडले तेव्हा ट्रॅक्टर लांब गेला होता आणि घामानं निथळलेली घोडी अण्णाच्या खांद्याशी नाक लावून फुरफुरत होती. पोतं अजून पाठीवरच होतं. बाहेर आल्यावर मी त्याला नाही नाही ते बोललो. तो म्हणाला, "धरला असता तर तिला वाटलं असतं, ट्रॅक्टर आनि मी एकच हाय." त्याच्या स्वतःच्या हाताला मात्र दोराचा चट्टा उठला होता, तो वहिनींपासून लपवण्यात त्याची सगळी संध्याकाळ गेली.

आता तो फोन. अण्णा सहसा स्वतःहून फोन करत नसे. त्या दिवशी केला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, "छातीत जरा भरून आल्यागत हुतंय. चार पावलं चाललं की थांबाया लागतंय." मी म्हणालो, उद्याच्या उद्या कोल्हापूरला जाऊ, चांगल्या डॉक्टरला दाखवू. तर याचं सुरू झालं. "आठ दिस थांब की. खोगीर घेतलंय तिनं पाठीवर. आता खंड पडला तर पयल्यापास्नं आलं." मी समजावलं, दटावलं. तो "व्हय, व्हय" म्हणत राहिला आणि मुद्दा तिथंच. मला त्याचं ते थांब-की, बघू-की आयुष्यभर ऐकून माहीत होतं. डोक्यात तिडीक गेली. "मर मग त्या घोडीपाशी!" म्हणालो आणि फोन आपटला. आमच्याकडं असं बोलायला कुणी मागंपुढं बघत नाही. चहात साखर कमी पडली तरी माणसं एकमेकांना मर म्हणतात. उद्या परत फोन करू, असं मी चारही दिवस रोज म्हणत होतो.

मी पोचलो तेव्हा परड्याभोवती पन्नासेक माणसं होती. अण्णा फाटकापासून दहा पावलांवर, कुंपणाजवळ कुशीवर पडला होता, एक हात बांबूंपर्यंत पोचलेला. कपाळावर खरचटून रक्त सुकलेलं. घोडी त्याच्याभोवती फिरत होती, आणि कुणी फाटकाला हात लावला की दात काढून धावून येत होती. दोघांनी दोराचा फास तयार केला होता. अण्णाच्या भाऊबंदांपैकी एकजण म्हणत होता, "डोस्क्यात लाथ घातल्याली दिसती. काय बघत बसलाय? हाणा तिला!" दिवस मावळायच्या आत दहन उरकायचं, असा जैनांत रिवाज. वहिनी फाटकाला पाठ लावून उभ्या होत्या. डोळे कोरडे. "हितं आजपातूर काठी आली न्हाय," त्या म्हणाल्या. "त्यांच्या अंगावरनं काठी न्ह्यायची न्हाय. भावजींना जाऊ द्या."

खरं सांगतो, मला घोड्यांची भीती वाटते. इतके रविवार गेलो, पण कुंपणाच्या आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. फाटकापाशी उभा राहिलो आणि "येऊ का?" विचारलं. तिनं कान मागं टाकले. मी मागं सरलो. पन्नास माणसांदेखत पासष्टी उलटलेला माणूस एका घोडीची परवानगी मागत होता आणि आत मित्र मरून पडला होता. दुसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. पाचव्या वेळी एक कान पुढं आला. मी आत गेलो, अण्णापासून दोन हातांवर मातीत बसलो आणि तिच्याकडं पाठ केली. त्याचा चेहरा अगदी समोर होता. मान वळवायची नाही, हलायचं नाही, ढसाढसा रडायचं तर मुळीच नाही... मागं खूर वाजत होते. थांबले. पुन्हा वाजले, जवळ आले. मानेवर गरम श्वास लागला तेव्हा वाटलं, आता एक दणका बसणार. सवयीनं मनगटावरच्या घड्याळाकडं नजर गेली. वीस मिनिटं झाली होती. माझ्या आयुष्यात कुठलीच गाडी एवढी लांबली नव्हती.

मग मी अण्णानं केलं असतं तेच केलं. उठलो, आणि तिच्याकडं न बघता परड्यातच पलीकडं असलेल्या फणसाच्या झाडाकडं चालायला लागलो. आपण आधी निघायचं. पाच पावलं, सात पावलं... मागं काहीच आवाज नाही. माझा धीर सुटत आला होता. मग खूर वाजले. एक एक करत ती माझ्यामागं आली. फणसाखाली आम्ही दोघं उभे राहिलो तेवढ्यात चौघांनी बाज आत आणली, अण्णाला उचललं आणि नेलं. ती एकदाच किंचाळली. पण धावली नाही. अण्णा पडला होता त्या जागेभोवती मी नंतर बघितलं, मातीत सगळीकडं खुरांचे ठसे होते. त्याच्या अंगावर एकही नव्हता.

हे मी बघितलं होतं, डॉक्टरही हृदय बंद पडलं असंच म्हणत होते, तरी गावभर झालं ते एकच, घोडीनं अण्णाला खाल्लं. आणि मी गप्प बसलो. रक्षाविसर्जनाला माणसं माझ्याशेजारी बसून तेच बोलत होती, मी मान हलवत होतो. घोडीनं मारलं असं एकदा ठरलं की मग त्या फोनचं कुणी विचारणार नव्हतं. अण्णाचा मुलगा अजित पुण्यात नोकरीला असतो. त्यानं आठवड्याच्या आत शर्यतवाल्या एका पाहुण्याशी घोडी विकायचं बोलणं केलं. टेम्पो येऊन दारात उभा राहिला तेव्हा मी तिथंच होतो. तीन माणसं उतरली, हातात दोर आणि एकाच्या काखेत चाबूक. शेवंतीनं लांबूनच तो चाबूक बघितला आणि कुंपणाच्या पार टोकाला जाऊन उभी राहिली, थरथरत. वर्षभर अण्णा ज्यासाठी त्या मातीत बसला, ते तासाभरात संपणार होतं.

मी अजितला म्हणालो, "नको पाठवू तिला." तो म्हणाला, "काका, पप्पांना हिनंच मारलंय. कपाळावरची जखम तुम्हीबी बघितलीसा. आईला हितं हिच्याजवळ एकटीला कसं सोडू?" पोराचं काय चुकत होतं? आता बोललो नाही तर कधीच बोलणार नाही, हे मला कळत होतं. शेवटी म्हणालो, "जखम पडताना झाली. त्याच्या छातीत भरून येत हुतं. जायच्या आधी चार दिवस मला फोन केलता. दवाखान्याला ये म्हटलं, आला न्हाय. मग मी काय म्हणालो म्हाईत हाय? मर मग त्या घोडीपाशी, म्हणालो. आणि फोन ठेवला. पुन्हा केला न्हाय. तिनं कायबी केलं न्हाय, अजित. जे केलं ते आम्ही माणसांनी केलं."

मला वाटलं, अजित कानाखाली देईल, आणि दिली असती तर बरं वाटलं असतं. तेवढ्यात उंबऱ्यात बसलेल्या वहिनी बोलल्या, कुणाकडंही न बघता. "मलाबी म्हणालं हुतं. पित्त असंल म्हटलं. ओवा दिला चावायला... दोनदा दिला." त्या दिवसापासून न रडलेली ती बाई पदराचा बोळा तोंडात कोंबून रडली. "मला का न्हाय सांगितलंसा कुणी?" अजित म्हणाला. मग तो स्वतःच टेम्पोकडं गेला. "पावणं," तो म्हणाला, "घोडी द्यायची न्हाय. चा घिऊन जावा."

आता मी आठवड्यातून दोनदा जातो. शेवंती अजून सहज कुणाच्या हाताला लागत नाही, आणि मी पाठ करून बसायला शिकतोय, या वयात. वहिनी वैरण टाकतात, कुंपणाबाहेरून तिला शिव्या देतात आणि त्यातच दिवसभराचं सगळं सांगून टाकतात. अजित रात्री फोन करतो. आधी आईचं विचारतो, मग जरा थांबून घोडीचं. दुपारी अण्णा जेवून झोप काढायचा आणि चार वाजता मागच्या दारानं परड्यात यायचा. चार वाजले की शेवंती चरणं सोडून त्या दाराकडं तोंड करून उभी राहते, कान पुढं करून, चांगला अर्धा तास. मला तिथं बसून ते बघवत नाही, पण मी उठतही नाही. तिची ती सवय मोडायची घाई आम्ही कुणी करत नाही.